पाच पाकळ्यांचे कोडे

मालवणहून कुडाळकडे जाताना वाटेत धामापूर लागते. या गावाचा तलाव प्रसिद्ध आहे. विजयनगर साम्राज्याचे मांडलिक नागेश देसाई यांनी तो १५३० साली बांधला, असे सांगतात. तलावाच्या काठावर भगवतीचे मंदिर आहे आणि बाजूच्या डोंगरांवर दाट झाडी आहे. २०२० साली आंतरराष्ट्रीय सिंचन व जलनिस्सारण आयोगाने या तलावाची जागतिक वारसा म्हणून नोंद केली. पाण्याची सोय असली की कोकणात घराभोवती झाडे येतातच. पुढच्या अंगणात तुळस, कुंपणाला जास्वंद, बाजूला तगर आणि अबोली, मागे माड, पोफळ, केळ आणि रातांबा, असे परस या भागात घरोघर दिसते.

समजा, अशा परसातील एका फुलाची नक्षी आपल्याला करायची आहे. उशीच्या अभ्र्यावर, वहीच्या वेष्टणावर किंवा कापडावर ठशाने छापता येईल अशी, म्हणजे तेच चित्र पुन्हा पुन्हा येऊन सगळी जागा भरेल अशी नक्षी. आपण जास्वंदीचे फूल घेतो, ते काळ्या शाईने नीट काढतो आणि एकाशेजारी एक मांडू लागतो. थोड्याच वेळात लक्षात येते की काही केल्या फुले एकमेकांत नीट बसत नाहीत. कुठे ना कुठे विचित्र आकाराची फट राहते. हात वाईट म्हणून असे होते का? नाही. कितीही कुशल चित्रकार असला तरी त्याला ही अडचण येणारच. तिचे कारण भूमितीत आहे आणि तिच्यावरचा उपाय त्याच झाडावर आहे. तो कसा, ते पाहू.

फरशीत न बसणारा आकार

घरातील फरशी आठवा. चौरस फरश्या एकमेकींना चिकटून बसतात, कारण चौरसाचा कोन ९० अंशांचा असतो आणि एका बिंदूभोवती असे चार कोन आले की ३६० अंश पूर्ण होतात. समभुज त्रिकोणाचा कोन ६० अंशांचा, म्हणून सहा त्रिकोण एका बिंदूभोवती बसतात. षट्कोनाचा कोन १२० अंशांचा, म्हणून तीन षट्कोन पुरतात. मधमाशीचे पोळे हे याचेच उदाहरण.

आता नियमित पंचकोन घ्या. त्याचा कोन १०८ अंशांचा. असे तीन कोन एका बिंदूभोवती ठेवले तर ३२४ अंश होतात आणि ३६ अंशांची फट उरते. चौथा कोन घालू म्हटले तर ४३२ अंश होतात, म्हणजे एक पंचकोन दुसऱ्यावर चढतो. म्हणून नियमित पंचकोनांनी जमीन झाकता येत नाही.

गणितज्ञांनी याच्याही पुढे जाऊन सिद्ध केले आहे की जी नक्षी दोन दिशांना ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा येते, तिच्यात दोन, तीन, चार किंवा सहा घरांची फिरती सममिती असू शकते. पाचाची मात्र कधीच असू शकत नाही. सपाट पृष्ठभागावर पुनरावृत्तीने येणाऱ्या सगळ्या नक्ष्या सममितीच्या दृष्टीने फक्त १७ प्रकारच्या असतात, हे रशियन शास्त्रज्ञ फेदोरोव यांनी १८९१ साली दाखवले. जगातील कोणतेही छापील कापड घ्या, त्यावरची पुनरावृत्तीची नक्षी या १७ प्रकारांपैकी एकात बसते.

पाचाला अगदीच जागा नाही असे मात्र नाही. इंग्लंडमधील रॉजर पेनरोझ यांनी १९७४ च्या सुमारास पाचाची सममिती असलेली मांडणी शोधून काढली. तिने सगळी जमीन झाकते. पण ती नक्षी ठरावीक अंतराने पुन्हा येत नाही. १९८२ साली डॅन शेख्टमन यांना एका मिश्रधातूच्या स्फटिकात अशाच प्रकारची रचना आढळली. सुरुवातीला अनेकांनी ती मानली नाही. २०११ साली मात्र त्याच शोधासाठी त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. कापड छापणाऱ्याला ही मांडणी कठीणच, कारण त्याच्या हातात एकच ठसा असतो आणि तोच त्याला पुन्हा पुन्हा उमटवायचा असतो.

वर्तुळात पाच बसतात

धामापूरच्याच जिल्ह्यात, सावंतवाडीला, या कोड्याची दुसरी बाजू पाहायला मिळते. सावंतवाडीची गंजिफा म्हणजे हाताने रंगवलेले, लाखेचा लेप दिलेले गोल पत्ते. दशावतारी गंजिफेत दहा अवतारांचे दहा रंग असतात. प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक ते दहा असे बारा पत्ते, म्हणजे एकूण १२० पत्ते होतात. एक्क्यावर अवताराचे चिन्ह एकदा, दुरीवर दोनदा आणि दश्शीवर दहा वेळा काढायचे असते. सर्व पत्ते सारख्याच आकाराचे आणि गोल. तेव्हा प्रत्येक वेळी मांडणीचा नवा विचार करावा लागतो. ही कला लोप पावत असताना शिवरामराजे भोसले व राणी सत्वशीलादेवी भोसले यांनी सावंतवाडीच्या राजवाड्यात तिला पुन्हा उभे केले. सत्वशीलादेवी एका वृद्ध चिताऱ्याकडून ती स्वतः शिकल्या आणि त्यांनी इतरांनाही शिकवली.

गोल पत्त्यावर पाच चिन्हे सहज बसतात. केंद्राभोवती ७२ अंशांवर एकेक ठेवले की झाले. वर्तुळाला पाचाचे वावडे नाही. फूलही एका देठाच्या टोकावर, एका केंद्राभोवतीच उमलते, म्हणून त्यालाही पाच पाकळ्या चालतात. अडचण येते ती फूल वर्तुळातून उचलून कापडावर पसरताना.

आधी मोजा, मग काढा

नक्षीसाठी चित्र काढणारे पुष्कळजण फुलाकडे ओझरते पाहतात आणि पाकळ्या अंदाजाने काढतात. पाचाच्या जागी सहा काढल्या की नक्षी पटकन बसते खरी, पण ते फूल जास्वंदीचे राहत नाही. म्हणून पेन्सिल हाती घेण्याआधी मोजणी करावी.

परसातील फुलांचे संख्येनुसार गट पडतात. जास्वंद, तगर, पांढरा चाफा ही पाचांची फुले. जास्वंदीच्या पाकळ्या पाच, निदले पाच आणि मधल्या दांड्याच्या टोकावरील लाल ठिपक्यांसारख्या कुक्षीही पाच. रातांबा, सुरंगी आणि इक्झोरा यांच्या पाकळ्या चार. पावसाळ्यात कुंपणावर चढणारी कळलावी सहा पाकळ्यांची. वनस्पतिशास्त्रात आपण शिकतो की एकदल वनस्पतींच्या फुलांचे भाग बहुधा तीन किंवा तीनाच्या पटीत असतात, तर द्विदल वनस्पतींच्या फुलांचे चार किंवा पाचाच्या पटीत. कळलावी एकदल आहे, म्हणून सहा.

आता आपल्या कोड्याकडे पुन्हा पाहा. चार पाकळ्यांची सुरंगी चौरसाच्या चौकटीत बसते. सहा पाकळ्यांची कळलावी मधाच्या पोळ्यासारख्या मांडणीत बसते. पाचांची फुले मात्र परसात भरपूर आणि नक्षीत अवघड. (कळलावी विषारी आहे, विशेषतः तिचा कंद. ती काढून झाल्यावर हात स्वच्छ धुवावेत आणि लहान मुलांच्या हाती ती देऊ नये.)

फुलाइतकेच लक्ष पानांकडे द्यावे. रातांबा, तगर आणि तुळस यांची पाने समोरासमोर जोडीने येतात आणि प्रत्येक जोडी खालच्या जोडीशी काटकोन करते. तुळशीची डहाळी शेंड्याकडून पाहिली की पानांचा क्रूस स्पष्ट दिसतो. जास्वंदीची पाने एकाआड एक येतात. एका पानावर दोरा बांधा आणि पानापानाला दोरा लावत वर चला. दोन फेरे झाल्यावर सहावे पान पहिल्याच्या डोक्यावर येते. याला दोन-पंचमांश पर्णविन्यास म्हणतात. शेरवडीचे तर नवलच. तिच्या लहानशा नारिंगी फुलाला निदले पाच असतात. पण काही फुलांत त्यांतील एकच निदल वाढून मोठ्या पांढऱ्या पानासारखे होते आणि लांबून फुलपाखरांना बोलावते. चित्रात पाचही निदले सारखी काढली तर शेरवड ओळखूच येणार नाही.

डावे फूल, उजवे फूल

तगरीच्या पाकळ्या भिंगरीच्या पात्यांसारख्या एकाच बाजूला वळलेल्या असतात. प्रत्येक पाकळीची एक कड शेजारणीच्या वर आणि दुसरी खाली. अशा फुलाला फिरती सममिती असते, पण आरशातील सममिती नसते. म्हणजे ते ७२ अंशांनी फिरवले तर तसेच दिसते. आरशात पाहिले तर भिंगरी उलटी फिरते.

ट्रेसिंग कागदावर काढलेले चित्र पालथे घालून त्याची दुसरी प्रत घेण्याची सवय नक्षीकाराला असते. तगरीच्या बाबतीत असे करून चालत नाही, कारण तगरीच्या सगळ्या फुलांचे वळण एकाच दिशेला असते. पालथे केलेले फूल तगरीवर सापडणार नाही. जास्वंदीत मात्र एकाच झाडावर दोन्ही वळणांची फुले मिळतात, तेव्हा तिचे चित्र खुशाल उलटावे.

आपल्या माडालाही हे डावे-उजवेपण आहे. झावळ्यांचे वळण काही माडांत डावीकडे चढते, काहींत उजवीकडे. टी. ए. डेव्हिस या भारतीय वनस्पतिशास्त्रज्ञांनी गेल्या शतकात असंख्य माड मोजून पाहिले. दोन्ही प्रकारचे माड जवळजवळ सारख्याच प्रमाणात असतात आणि हे वळण आनुवंशिक नसते, म्हणजे डाव्या माडाच्या नारळापासून डावाच माड होईल असे नाही, असे त्यांना १९६० नंतरच्या अभ्यासात आढळले. जास्वंदीच्या कुळातील फुलांच्या वळणाचीही त्यांनी अशीच मोजणी केली. यासाठी त्यांना मुख्यतः चिकाटी लागली आणि उपकरण जवळजवळ काहीच लागले नाही.

कोमेजण्याच्या क्रमाने

चित्र काढायला सलग तीन तास मिळाले तर उत्तम. पण घरात तसे कधी होत नाही. सकाळी पाणी भरायचे असते, शाळेची घाई असते, दुपारी धाकट्या भावंडाला सांभाळायचे असते, संध्याकाळी दिवाबत्ती आणि पाढे. चित्रकाराला वेळ मिळतो तो पंधरा-पंधरा मिनिटांच्या तुकड्यांत. फूल मात्र आपल्यासाठी थांबत नाही. म्हणून कामाची वाटणी फुलाच्या कोमेजण्याच्या क्रमाने करावी.

फूल कोमेजते म्हणजे काय होते? वनस्पतीच्या पेशींत पाणी भरलेले असते आणि त्या पाण्याच्या दाबामुळे पाकळी फुगलेल्या फुग्यासारखी ताठ राहते. पानांच्या रंध्रांतून आणि पाकळ्यांच्या पृष्ठभागावरून पाणी सतत उडून जाते. फांदी तोडली की नवे पाणी येणे थांबते, दाब कमी होतो आणि पाकळी लोंबते. शिवाय तोडलेल्या देठाच्या जलवाहिन्यांत हवेचा बुडबुडा शिरतो आणि नंतर देठ पाण्यात ठेवला तरी पाणी वर चढायला अडथळा होतो. यावर उपाय सोपा आहे. देठाचे टोक तांब्यातील पाण्यात बुडवून, पाण्याखालीच पुन्हा थोडे कापावे. खालची जादा पाने काढून टाकावीत. राहिलेली पाने ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवावीत.

जास्वंदीचे फूल बहुधा एकाच दिवसाचे. सकाळी उमलते आणि संध्याकाळी मिटू लागते. तेव्हा पूजेसाठी फुले काढताना चित्रासाठी एक वेगळे ठेवावे आणि पहिल्या पंधरा मिनिटांत फक्त पाकळ्यांची बाह्यरेषा पेन्सिलीने काढावी. कर्कटकाने पाकळीची लांबी-रुंदी मोजून बाजूला आकडे लिहावेत. दुसऱ्या तुकड्यात पुंकेसरांची नळी आणि कुक्षी. तिसऱ्यात कळी. पाने सर्वांत टिकाऊ, ती दुपारी काढली तरी चालतात. शाई भरण्याचे काम अगदी शेवटी ठेवावे. त्या वेळी समोर फूल लागत नाही, पेन्सिलीचे चित्र आणि लिहिलेले आकडे पुरतात. रात्री जेवणे आटोपल्यावर दिव्याखाली बसून ते करता येते.

या कामात घरातील माणसांची अडचण होण्याऐवजी मदतच होऊ शकते. धाकटी भावंडे पाकळ्या आणि पुंकेसर मोजायला मोठ्या हौसेने पुढे येतात आणि दोघांनी वेगवेगळे मोजले की चूक लगेच कळते. आजी-आजोबांना झाडाचे गावातले नाव आणि ते केव्हा फुलते हे ठाऊक असते. दौत सांडण्याची भीती असेल तर ती हंड्याखालच्या चुंबळीत बसवावी. कोणाचा धक्का लागला तरी ती कलंडत नाही.

दोन प्रकारच्या शाया

काळी शाई घरी करता येते. जुन्या काळी बोरूने लिहिलेली आपल्याकडची कितीतरी कागदपत्रे काजळाच्या शाईची आहेत. तेलाच्या दिव्यावर मातीची पणती पालथी धरली की तिच्यावर काजळी जमते. ही काजळी म्हणजे जवळजवळ शुद्ध कार्बनचे अतिशय बारीक कण. ते पाण्यात विरघळत नाहीत, नुसते घातले तर गोळा होऊन तळाशी बसतात. त्यात बाभळीच्या डिंकाचे पाणी घालून पुष्कळ वेळ खलले, की डिंक प्रत्येक कणाभोवती पातळ थर धरतो. त्यामुळे कण एकमेकांना चिकटत नाहीत, तरंगत राहतात आणि सुकल्यावर तोच डिंक त्यांना कागदाला धरून ठेवतो. कार्बनवर ऊन, हवा यांचा परिणाम होत नाही, म्हणून ही शाई शतकानुशतके काळीच राहते. पाणी लागले तर मात्र ती पुसली जाऊ शकते.

दुसरी शाई हिरड्याची. सह्याद्रीत हिरड्याची झाडे पुष्कळ. हिरड्याच्या फळात टॅनिन भरपूर असते. हिरड्याची पूड पाण्यात उकळून, गाळून, त्यात चिमूटभर हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, टाकले की द्रव गडद होऊ लागतो. कागदावर लिहिल्यावर ही शाई आणखी काळी होते, कारण हवेतील ऑक्सिजनने लोहाचे ऑक्सिडीकरण होते आणि टॅनिनशी संयोग होऊन काळा, न विरघळणारा पदार्थ बनतो. तो कागदाच्या तंतूंत मुरतो, म्हणून सहजी पुसत नाही. पण ही शाई आम्लधर्मी असते, शिवाय तिच्यातील लोहामुळे कागदाच्या तंतूंचे विघटन वेगाने होते. जुन्या लोहशाईच्या कागदांवर अक्षरांच्या जागी भोके पडलेली दिसतात ती यामुळेच. हा प्रयोग शिक्षकांच्या देखरेखीखाली, स्वयंपाकाची भांडी न वापरता करावा. घरच्या घरी पाहायचे असेल तर चहाच्या कोऱ्या, थंड पाण्यात गंजका खिळा रात्रभर ठेवा. चहातही टॅनिन असते. सकाळी पाण्याचा रंग पाहा आणि ते ओतून द्या.

रेघ आणि ठिपके

वनस्पतींच्या शास्त्रीय चित्रांत छाया दाखवायला बहुधा ठिपके वापरतात, शाई पातळ करून फिरवत नाहीत. याचे कारण छपाईत आहे. साध्या रेषाचित्राचा ठसा दोनच गोष्टी जाणतो : शाई लागली किंवा नाही लागली. मधला करडा रंग त्याला छापता येत नाही. ठिपके दाट घातले की लांबून गडद दिसते, विरळ घातले की फिके. लाकडी ठशाने कापड छापणाऱ्यालाही हाच नियम लागू पडतो. म्हणून शास्त्रासाठी शिकलेली ही पद्धत नक्षीसाठी जशीच्या तशी कामी येते.

टाक किंवा पेन कागदाला सारखे टेकवावे, ठिपका शेपटीशिवाय गोल यावा. बाह्यरेषा न थांबता एका दमात ओढावी. उजेड नेहमी एकाच बाजूने, प्रथेप्रमाणे वरून डावीकडून येतो असे धरावे, म्हणजे सगळ्या पानांची सावली एकाच अंगाला येते.

चौकोन कापा आणि जुळवा

आता नक्षी. २० सेंटिमीटर बाजूचा चौरस कागद घ्या. मध्यभागी जास्वंदीचे एक फूल काढा. कोणतीही रेघ कडेला लागू देऊ नका. कागद मधोमध उभा कापा. डावा तुकडा उजवीकडे आणि उजवा डावीकडे ठेवून मागून कागदाची पट्टी खळीने चिकटवा. फूल आता दोन कडांना अर्धे-अर्धे गेले आणि मध्ये मोकळी जागा आली. तिथे कळी आणि एखादे पान काढा. नंतर कागद मधोमध आडवा कापून वरचा तुकडा खाली आणि खालचा वर करा. पुन्हा मध्ये मोकळी जागा येईल. आता चारी कडा अशा झाल्या आहेत की या चौरसाच्या कितीही प्रती शेजारी ठेवल्या तरी रेघेला रेघ जुळते, कारण या कडा मुळात एकमेकींपासूनच कापलेल्या आहेत.

आपले कोडे इथे सुटते. पहिल्या फुलाचे चार तुकडे चौरसाच्या चार कोपऱ्यांवर गेलेले असतात. मध्ये जे दुसरे फूल काढायचे ते उलटे काढा, पहिल्याची एक पाकळी सरळ वर असेल तर याची सरळ खाली. एक रांग वरच्या तोंडाची, पुढची खालच्या तोंडाची, अशी मांडणी आपोआप तयार होते. पंचकोन दाटीने बसवण्याचा सर्वांत चांगला मार्गही असाच आहे. त्या मांडणीत सुमारे ९२ टक्के जागा भरते. याहून दाट मांडणी शक्य नाही, अशी सिद्धता थॉमस हेल्स व वोडेन कुसनर यांनी २०१६ साली मांडली.

म्हणजे पंचकोन कितीही दाटीने बसवले तरी सुमारे ८ टक्के जागा उरतेच. फूल तर पंचकोनापेक्षा खाचाखोचांचे, त्यामुळे त्याच्याभोवती अधिकच जागा उरते. या जागेत काय भरायचे? मनाला येईल ती वेलबुट्टी घातली तर नक्षी कुठलीही होईल. तिथे जास्वंदीचीच दातेरी पाने, तिचीच कळी आणि देठ घातला तर फटी मुद्दाम ठेवल्यासारख्या दिसू लागतात आणि पाहणाऱ्याला झाड ओळखता येते. त्यासाठी पान, कळी आणि देठ यांचीही चित्रे आधीच तयार असावी लागतात. फूल एकटे काढून भागत नाही ते यामुळे.

साडीच्या काठासारखी पट्टी करायची असेल तर पानांची मांडणीच वाट दाखवते. समोरासमोरच्या पानांची डहाळी आडवी ठेवली की वरचा भाग खालच्याचे प्रतिबिंब होतो. सीताफळाची पाने दोन ओळींत एकाआड एक येतात. ती डहाळी आडवी ठेवली की प्रतिबिंब अर्धे घर पुढे सरकते, ओल्या मातीवरच्या पावलांसारखे. पट्टीच्या नक्षीचे सममितीनुसार सातच प्रकार होतात आणि त्यांतले हे दोन परसातच सापडतात.

चित्राखाली नाव

केरळच्या किनाऱ्यावरील वनस्पतींचा 'हॉर्टस मलबारिकस' हा बारा खंडांचा डच ग्रंथ १६७८ ते १६९३ या काळात ॲम्स्टरडॅमला छापला गेला. त्यासाठी मदत करणाऱ्यांत रंगभट, विनायक पंडित आणि आपू भट हे तीन कोंकणी वैद्य होते. त्यांचे नागरी लिपीतील निवेदन ग्रंथात आहे आणि चित्रांवरही इतर लिप्यांबरोबर नागरीत झाडांची नावे कोरलेली आहेत. त्यामुळे साडेतीनशे वर्षांपूर्वी त्या झाडांना लोक काय म्हणत, हे आज वाचता येते.

पुण्याजवळच्या दापुडीला पूर्वी सरकारी वनस्पती-उद्यान होते. त्याचे अधीक्षक अलेक्झांडर गिब्सन यांनी १८४७ ते १८५० या काळात तेथील झाडांची दीडशेहून अधिक चित्रे एका भारतीय-पोर्तुगीज चित्रकाराकडून काढून घेतली. ती आज एडिंबरोच्या शाही वनस्पती-उद्यानात जपलेली आहेत आणि अभ्यासक ती पाहतात. चित्रकाराचे नाव मात्र कुठेच नोंदलेले नाही.

सिंधुदुर्गात गणेशचतुर्थीला मूर्तीच्या वर लाकडी माटवी बांधतात. तिला नारळ-सुपारीबरोबर शेरवड, कवंडळ, हरण, तेरडा अशी रानातील फुले-फळे टांगतात. कोणते झाड कोणत्या बांधावर मिळते, हे घरातील मोठी माणसे त्या दिवशी मुलांना दाखवतात. ज्या घरात ही माणसे नसतात, किंवा माटवीचे सामान बाजारातून येते, तिथे नाव आणि झाड यांची ताटातूट होते. चित्राखाली नाव लिहिण्याला म्हणून महत्त्व आहे. झाडाचे गावातले नाव, ठिकाण, तारीख, नाव सांगणाऱ्याचे नाव आणि स्वतःचे नाव, या पाच गोष्टी प्रत्येक चित्राखाली लिहाव्यात. शास्त्रीय नाव नंतर शोधता येते. भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेने १९८८ साली प्रसिद्ध केलेला बी. जी. कुलकर्णी यांचा सिंधुदुर्गच्या वनस्पतींवरील ग्रंथ शिक्षकांना त्यासाठी उपयोगी पडेल. गावातले नाव मात्र विचारूनच मिळते.

करून पाहा

१. तगरीची ५० फुले पाहून पाकळ्यांचे वळण डावे की उजवे ते नोंदवा. जास्वंदीची ५० फुलेही तशीच पाहा. दोन्ही तक्त्यांत काय फरक दिसतो?

२. घराभोवतीच्या दहा झाडांच्या पाकळ्या मोजून तीन, चार, पाच आणि सहा असे गट करा. पाचांचा गट किती मोठा झाला?

३. एका सुरंगीच्या किंवा इक्झोराच्या फुलाची आणि एका जास्वंदीच्या फुलाची नक्षी वर सांगितलेल्या रीतीने करा. दोन्हींत फुलाबाहेर उरलेली जागा आलेख-कागदावर चौकोन मोजून काढा. ती कशाने भरलीत?

४. येत्या चतुर्थीला माटवीतील किंवा पूजेच्या पत्रीतील प्रत्येक वनस्पतीचे एकेक शाईचे चित्र काढा. घरातील प्रत्येकाने एक चित्र घेतले तर दिवसभरात संच पूर्ण होतो. खाली पाचही नोंदी करायला विसरू नका, आणि संच शाळेच्या वनस्पतिशास्त्राच्या कपाटात ठेवा. पुढच्या वर्षीचे विद्यार्थी त्यात भर घालतील.